रेखांश चुकलेली बेटे

आल्व्हारो दे मेंदान्या हा स्पॅनिश दर्यावर्दी १५६८ च्या फेब्रुवारीत दोन गलबते घेऊन पॅसिफिक महासागरातल्या एका डोंगराळ बेटाला लागला. पेरूचे कायाओ बंदर सोडून त्याला जवळजवळ तीन महिने झाले होते. बेटाला त्याने सांता इझाबेल हे नाव दिले, किनाऱ्यावर एक छोटे जहाज बांधून घेतले आणि पुढचे सहा महिने त्याची माणसे आसपासची बेटे धुंडाळत राहिली. ग्वादालकनाल, मलायता, मकिरा ही बेटे युरोपच्या कागदावर आली ती याच सफरीत. मग गलबते परत फिरली, आणि त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे या मोठ्या बेटांवर एकही युरोपीय माणूस पुन्हा जाणूनबुजून पोहोचू शकला नाही. शोधायला निघून हात हलवत राहिलेल्यांत खुद्द मेंदान्याही होता.

आजच्या सॉलोमन आयलंड्स या देशाच्या इतिहासावर मराठीत लिहावेसे वाटले ते या हरवण्यामुळे. बेट सापडणे म्हणजे नेमके काय, आणि ते कोणाला सापडलेले असते, हा प्रश्न इतक्या उघडपणे विचारणारा दुसरा प्रदेश माझ्या वाचनात नाही. शोधक आले, त्यांनी नावे दिली, आणि आपण कुठे आहोत हे त्यांना कळले नव्हते. ज्यांना ते कळत होते ती माणसे तिथेच राहत होती. पुढच्या साडेचार शतकांत हाच प्रकार वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा घडला, असे माझे मत आहे, आणि हे पुस्तक त्या मताभोवती उभे आहे.

आधी भूगोल, थोडक्यात. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला, न्यू गिनीच्या पूर्वेला, वायव्य-आग्नेय पसरलेल्या नऊशेहून अधिक बेटांचा हा देश. शोइझल, न्यू जॉर्जिया, सांता इझाबेल, ग्वादालकनाल, मलायता, मकिरा ही सहा मोठी बेटे दुहेरी रांगेत आहेत. त्यांच्या पूर्वेला साडेतीनशे किलोमीटरांचे मोकळे पाणी ओलांडले की तेमोतू प्रांतातली सांताक्रूझ, रीफ, डफ, वानिकोरो, तिकोपिया अशी विखुरलेली बेटे लागतात. लोकसंख्या सात लाखांच्या पुढे आणि भाषा सुमारे सत्तर. परस्परांशी बोलायला सगळ्यांची पिजिन आहे. राजधानी होनियारा.

अक्षांश काढणे सोळाव्या शतकातल्या खलाशांना अवघड नव्हते. दुपारी सूर्य किती उंच चढतो ते मोजले की विषुववृत्तापासून आपण किती दूर हे कळे. मेंदान्याचा मुख्य वाटाड्या एर्नान गायेगो याने बेटे विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण दहा अंशांच्या आसपास मांडली, आणि ती तिथेच आहेत. रेखांशाची गोष्ट वेगळी. पूर्व-पश्चिम अंतर कळायला निघालेल्या बंदरातली वेळ आणि आपण आहोत तिथली वेळ यांतला फरक कळावा लागतो. डुलत्या जहाजावर महिनोन्महिने बिनचूक चालणारे घड्याळ अठराव्या शतकात जॉन हॅरिसनने बनवले. तोवर ते कोणाकडेच नव्हते. त्यामुळे जहाजाचा वेग आणि दिशा यांवरून अंदाज बांधायचा. पण दक्षिण पॅसिफिकमध्ये विषुववृत्तालगतचा प्रवाह पश्चिमेला वाहतो. ज्या पाण्यावरून वेग मोजायचा ते पाणीच जहाजाला घेऊन सरकत असेल, तर काटलेले अंतर नेहमी कमीच भरते. गायेगोचा अंदाज असाच दोन हजार किलोमीटरहून जास्त कमी पडला. बेटे पेरूला होती त्यापेक्षा कितीतरी जवळ मांडली गेली. पुढच्या नकाशेकारांनी ती आपापल्या तर्काने पूर्वेला-पश्चिमेला सरकवली, आणि शेवटी काहींनी ती नकाशातून पुसूनच टाकली.

नाव मात्र टिकले. पश्चिमेला सोन्याने भरलेली बेटे आहेत अशा कथा पेरूत इंकांच्या काळापासून चालत आल्या होत्या, आणि बायबलमधल्या सॉलोमन राजाला जिथून सोने येई ते ओफिर हेच असावे असे कायाओच्या बंदरात लोक बोलू लागले. मेंदान्याने स्वतः हे नाव दिले नव्हते. त्याच्या माणसांनी नद्यांच्या वाळूत सोने शोधले होते, पण हाती लागण्यासारखे काही मिळाले नव्हते. पुढे ग्वादालकनालच्या डोंगरात सोने खरोखर निघाले आणि १९९८ मध्ये गोल्ड रिज इथे मोठी खाणही सुरू झाली. त्या खाणीने बेटाला काय दिले आणि काय घेतले ते नवव्या प्रकरणात येईल.

१५९५ मध्ये मेंदान्या पुन्हा निघाला. या वेळी चार जहाजे होती, आणि बायकामुलांसह पावणेचारशेच्या आसपास माणसे, कारण वसाहत करायची होती. जुलैत त्याला डोंगराळ बेटे दिसली आणि आपण पोहोचलो असे वाटून गलबतांवर आनंद झाला. ती मार्केसास बेटे होती. सॉलोमन तिथून आणखी सुमारे सहा हजार किलोमीटर पुढे होते. अन्नपाणी संपत आलेल्या अवस्थेत सप्टेंबरमध्ये ते सांताक्रूझ समूहातल्या नेंदो बेटाला लागले. तिथला प्रमुख मालोपे याने त्यांना अन्न दिले, मेंदान्याशी नावांची अदलाबदल करून मैत्री जोडली. सैनिकांनी त्याला ठार मारले. मग तापाची साथ आली, १८ ऑक्टोबरला मेंदान्या मेला, आणि त्याची पत्नी इझाबेल बारेतो हिने नेतृत्व हाती घेऊन उरलेल्यांना मनिलाला नेले. ताफ्यातले सांता इझाबेल हे जहाज वाटेतच नाहीसे झाले होते. १९७० च्या सुमारास मकिरावर पामुआ इथे स्पॅनिश मातीच्या भांड्यांची खापरे निघाली. त्या जहाजावरची माणसे मेंदान्या शोधत असलेल्या बेटापर्यंत पोहोचली होती. बाकीच्यांना ते कधीच कळले नाही.

आता दुसरी बाजू. या प्रस्तावनेत मला सर्वांत जास्त रेंगाळायचे आहे ते इथे.

१५९५ च्या सफरीत वाटाड्या असलेला पेद्रो फर्नांदेस दे किरोस १६०६ मध्ये स्वतःची जहाजे घेऊन आला आणि डफ समूहातल्या तौमाको बेटाला लागला. तिथल्या तुमाई नावाच्या प्रमुखाला त्याने आसपासच्या भूमीविषयी विचारले. तुमाईने क्षितिजावर एकेका दिशेला हात करत साठाहून अधिक बेटांची नावे सांगितली. बेट लहान की मोठे हे तो हवेत लहान-मोठी वर्तुळे काढून दाखवी, आणि फार मोठ्या भूमीसाठी दोन्ही हात पसरून ते न जुळवता सोडून देई. अंतर सांगायचे तर सूर्याची वाट दाखवायची, मग हातावर डोके टेकून डोळे मिटायचे, आणि वाटेत किती रात्री झोपावे लागते ते बोटांवर मोजायचे. हे सगळे किरोसच्या सफरीच्या नोंदींत आहे. शब्दांची भाषा नसताना एका माणसाने दुसऱ्याला पूर्ण समुद्राचा नकाशा दिला, दिशा, आकार आणि अंतरासकट. युरोप ज्या मोजणीत दोनशे वर्षे अडकून पडला ती मोजणी या बेटावर रोजच्या वापरात होती. किरोसने निघताना तौमाकोहून चार माणसे बळजबरीने धरून नेली. त्यांतल्या पेद्रो नाव ठेवलेल्या एकाकडून मेक्सिकोत बेटांची आणखी माहिती काढण्यात आली.

हे ज्ञान कसे चालत होते याचा अंदाज आपल्याला विसाव्या शतकातल्या एका माणसामुळे येतो. रीफ बेटांतला तेवाके हा जुन्या वळणाचा नाविक. डेव्हिड लुईस हा नौकानयनाचा अभ्यासक १९६८ च्या सुमारास त्याच्याबरोबर समुद्रात गेला, तेही होकायंत्र, नकाशा, घड्याळ यांतले काहीही न वापरता. रात्री एकामागून एक त्याच बिंदूवर उगवणाऱ्या ताऱ्यांच्या माळेवर नौकेचे तोंड ठेवायचे. दिवसा, ढगाळ हवेत, दूरवरच्या वाऱ्यांनी उठवलेल्या मोठ्या लाटांच्या रांगांवर. वेगवेगळ्या दिशांनी येणाऱ्या अशा तीन रांगा तेवाके एकाच वेळी ओळखत असे, तळात बसून अंगाला बसणाऱ्या हेलकाव्यांवरून. शिवाय ‘ते लापा’ होती, म्हणजे रात्री पाण्याखाली चमकून जाणाऱ्या प्रकाशाच्या रेघा. त्या जमिनीच्या दिशेने उमटतात आणि किनारा शंभर किलोमीटरहून दूर असतानाही दिसतात, असे तो दाखवून देई. या चमकण्याचे समाधानकारक शास्त्रीय स्पष्टीकरण अजून झालेले नाही. लुईसचे ‘वुई, द नॅव्हिगेटर्स’ हे पुस्तक १९७२ मध्ये आले. तेवाके त्याआधीच, म्हातारपणी, एकटाच होडी घेऊन समुद्रात गेला आणि परतला नाही. पुढे तौमाकोचा प्रमुख क्रुसो कावेइया याने ‘ते पुके’ ही उलांडीची मोठी शिडाची नौका बांधायची आणि हाकायची विद्या तरुणांना शिकवण्याचे काम विसाव्या शतकाच्या अखेरीस उभे केले. ती विद्या संपली नाही याचे श्रेय त्याच्या हट्टाला आहे.

आणि हे सगळे किती जुने? आजच्या राजकीय सीमेपलीकडे, पण याच बेटरांगेत असलेल्या बुका बेटावर किलू गुहेत सुमारे अठ्ठावीस हजार वर्षांपूर्वीच्या मानवी वस्तीचे पुरावे आहेत. मोठ्या बेटांच्या पूर्वेचे मोकळे पाणी मात्र माणसाने फार उशिरा, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी, ओलांडले. ठिपक्या-ठिपक्यांची नक्षी उठवलेली लापिता शैलीची भांडी वापरणारे ते लोक. रॉजर ग्रीन या पुरातत्त्वज्ञाला रीफ बेटांवरच्या नेनुंबो इथे त्यांच्या वस्तीत ज्वालामुखी काचेचे तुकडे मिळाले. त्यांतले बहुतेक दोन हजार किलोमीटर पश्चिमेच्या न्यू ब्रिटनमधून आलेले होते. म्हणजे ती माणसे तिथे वाहत येऊन पडलेली नव्हती. त्यांना मागे कसे जायचे ते ठाऊक होते. म्हणून या पुस्तकाची सुरुवात मी १५६८ पासून केलेली नाही. पहिली तीन प्रकरणे त्याआधीची आहेत.

युरोपीय बाजूचा गुंता सुटला तोही बोटीवर नाही, टेबलावर. १७६७ मध्ये फिलिप कार्टरेट सांताक्रूझला आणि मग मलायताजवळ येऊन गेला, त्याला ही बेटे कोणती ते कळले नाही. १७६८ मध्ये बूगँव्हिल आला, त्यालाही नाही. १७६९ चा झाँ द सुर्व्हिल आपल्याला जवळचा, कारण त्याचे जहाज बंगालमधून आणि पाँडिचेरीहून माल भरून निघाले होते. मालात भारतीय कापड होते आणि खलाशांत भारतातले लस्करही. सांता इझाबेलवर त्यांची तिथल्या लोकांशी चकमक झाली, आणि पाण्याच्या जागा कळाव्यात म्हणून लोवा नावाच्या मुलाला त्यांनी धरून नेले. स्कर्व्हीने जहाजावर इतकी माणसे मेली की व्यापार राहिला बाजूला. अखेर फ्रान्समध्ये ब्युआश याने १७८१ मध्ये आणि फ्लेरिय याने १७९० मध्ये जुन्या स्पॅनिश वर्णनांशी नव्या नोंदी ताडून दाखवल्या, आणि मेंदान्याची बेटे ती हीच, हे ठरले.

लस्करांचा उल्लेख आला तर आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ला पेरूझची दोन फ्रेंच जहाजे १७८८ मध्ये ऑस्ट्रेलियाचा किनारा सोडल्यावर बेपत्ता झाली. फ्रान्सने शोधमोहीम पाठवली. ती १७९३ मध्ये वानिकोरो बेटाच्या जवळून गेली, उतरली नाही. पुढे १८२६ मध्ये पीटर डिलन हा व्यापारी कप्तान कलकत्त्याच्या वाटेवर तिकोपियाला थांबला. तेरा वर्षांपूर्वी त्यानेच तिथे उतरवलेला एक लस्कर अजून तिथे राहत होता. त्याच्याकडे तलवारीच्या मुठीची चांदीची पकड होती. ती वानिकोरोहून आल्याचे त्याने सांगितले, आणि तिथे दोन मोठी जहाजे फुटल्याचेही. तो स्वतः वानिकोरोला जाऊन आला होता. डिलनने कलकत्त्यात सरकारकडून ‘रिसर्च’ हे जहाज मिळवले, १८२७ मध्ये वानिकोरो गाठले आणि जहाजांचे अवशेष गोळा करून पॅरिसला नेले. फ्रान्सच्या राजाने त्याचा सन्मान केला. लस्कराचे नाव नोंदीत नुसते ‘जो’ असे आहे. चाळीस वर्षे युरोपला छळणाऱ्या कोड्याचे उत्तर तिकोपियात सर्वांना माहीत होते आणि ते बाहेर आले एका भारतीय खलाशामुळे, याला मी पुस्तकात पूर्ण प्रकरण दिले आहे. त्याचा तेवढा हक्क आहे.

यानंतरचा इतिहास वेगाने काळवंडतो. क्वीन्सलंडच्या उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. १८६३ ते १९०४ या काळात पॅसिफिक बेटांवरून तिकडे सुमारे बासष्ट हजार मजूर नेले गेले, आणि १८७० नंतर त्यांत सॉलोमनचे लोक वाढत गेले. सुरुवातीला पळवापळवी फार होती. १८७१ मध्ये बिशप पॅटसनची नुकापू बेटावर हत्या झाली तीही अशा पळवापळवीनंतरच. पुढे करारावर स्वखुशीने जाणारेही होते, आणि ते बंदुका, लोखंडी हत्यारे, ख्रिस्ती धर्म आणि पिजिनची सुरुवात घेऊन परतले. आपल्याकडच्या गिरमिटांशी याची तुलना वाचकाच्या मनात येईल, आणि ती योग्यच आहे.

१८९३ मध्ये ब्रिटनने संरक्षित प्रदेश जाहीर केला. १८९९ च्या करारात जर्मनीने सामोआच्या बदल्यात शोइझल आणि सांता इझाबेल ब्रिटनला दिली, आणि बूगँव्हिल व बुका ही बेटे स्वतःकडे ठेवली. बूगँव्हिलच्या दक्षिण टोकाचे लोक आणि समोरच्या शॉर्टलंड बेटांवरचे लोक एकमेकांचे सोयरे. त्यांच्यामधल्या अरुंद पाण्यातून सीमा गेली, युरोपातल्या एका खोलीत. ती आजही पापुआ न्यू गिनीची सीमा आहे. २०१९ च्या सार्वमतात बूगँव्हिलच्या जवळजवळ अठ्ठ्याण्णव टक्के मतदारांनी पापुआ न्यू गिनीपासून स्वातंत्र्य मागितले, तेव्हा मला पहिल्यांदा आठवण झाली ती या रेघेची.

जमिनीचे तसेच. किनाऱ्यावर झोपड्या दिसल्या नाहीत की ती जमीन ‘पडीक’, म्हणजे सरकारने नारळाच्या मळ्यांसाठी कंपन्यांना द्यायला मोकळी. वास्तविक त्या जमिनीला कुळे होती, पूर्वजांच्या कवट्या ठेवलेली देवस्थळे होती, फिरती शेती होती. कोण कशावर हक्क सांगू शकतो हे तिथल्या प्रत्येकाला पाठ होते. डोईपट्टी आली तेव्हा चीड आणखी वाढली. ४ ऑक्टोबर १९२७ रोजी मलायताच्या क्वाइओ भागात बासिआना आणि त्याच्या साथीदारांनी कर गोळा करायला आलेल्या विल्यम बेल या अधिकाऱ्याला आणि त्याच्या तुकडीला मारले. सूड म्हणून गेलेल्या मोहिमेने त्यांची देवस्थळे मोडली, अनेकांना मारले. बासिआनासह सहा जणांना फाशी झाली.

ग्वादालकनालची लढाई जगाला ठाऊक आहे. ७ ऑगस्ट १९४२ ला अमेरिकी सैनिक उतरले, सहा महिन्यांनी जपानी सैन्य माघारी गेले. या लढाईवर इतके लिहिले गेले आहे की मी ती थोडक्यात आटोपली आहे. मला महत्त्वाचे वाटतात ते तिथलेच लोक: जपान्यांनी झाडाला बांधून संगिनींनी भोसकल्यावरही निसटून येऊन हल्ल्याची खबर देणारा जेकब वौझा, आणि सॉलोमन लेबर कोअरमधले तीन हजारांहून अधिक मजूर. या मजुरांनी कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिकांना गणवेशात, यंत्रे चालवताना पाहिले, आणि ते गोऱ्या सैनिकांसोबत बसून जेवले. त्याच वेळी ब्रिटिश अधिकारी त्यांना मिळालेल्या भेटवस्तू काढून घेत होते. १९४४ मध्ये मलायताच्या दक्षिणेला ‘मासिना रुरू’ ही चळवळ उभी राहिली ती या अनुभवातून. मळ्यांवर कामाला जायचे नाही, मोठ्या गावांत एकत्र राहायचे, सामाईक शेती करायची, आपल्या रूढी स्वतः लिहून काढायच्या, न्यायनिवाडा स्वतः करायचा. सरकारला यात साम्यवाद्यांचा हात दिसला. १९४७ पासून पुढाऱ्यांना आणि हजारो लोकांना तुरुंगात टाकले गेले, तरी असहकार थांबला नाही. १९५३ मध्ये मलायताला स्वतःचे कौन्सिल मिळाले. मराठी वाचकाला यात सविनय कायदेभंगाचे सूर ऐकू येतील. ही चळवळ मलायताच्या मातीतली होती, आणि तशीच ती वाचावी.

७ जुलै १९७८ ला देश स्वतंत्र झाला. वीस वर्षांनी ग्वादालकनालच्या तरुणांनी तिथे स्थायिक झालेल्या मलायतन लोकांना हुसकवायला सुरुवात केली, प्रत्युत्तरात मलायता ईगल फोर्स उभी राहिली, आणि २००३ मध्ये प्रादेशिक शांतिसेना येईपर्यंत राज्य जवळजवळ कोलमडले होते. याला ‘वांशिक संघर्ष’ म्हणून मोकळे होणे मला मान्य नाही. मलायतन लोक मुळात ग्वादालकनालला आले ते मळ्यांसाठी, मग युद्धातल्या तळावर वसलेल्या होनियारात कामासाठी. जमीन, सोन्याची खाण आणि राजधानी एका बेटावर, आणि मजुरी करणारे हात दुसऱ्या बेटाचे, ही मांडणी पाऊणशे वर्षे रचली गेली होती.

नावांविषयी थोडे. जिथे स्थानिक नाव चालू वापरात आहे तिथे मी तेच घेतले आहे, म्हणून सान क्रिस्तोबाल न म्हणता मकिरा. ग्वादालकनाल मात्र तसेच ठेवले, कारण तिथले लोकही आज तेच म्हणतात. तोंडी परंपरा आणि लेखी कागद जिथे जुळत नाहीत तिथे दोन्ही दिले आहेत.

२०१९ मध्ये होनियाराच्या सरकारने तैवानशी संबंध तोडून चीनशी जोडले आणि २०२२ मध्ये चीनबरोबर सुरक्षा करार केला. तेव्हापासून हा देश बातम्यांत येतो तो कॅनबेरा, वॉशिंग्टन आणि बीजिंग यांच्या नजरेतून. मलायताच्या प्रांतिक सरकारने चीनच्या कंपन्यांना आपल्याकडे मज्जाव केला होता. त्याचा प्रमुख डॅनिएल सुइदानी २०२३ मध्ये अविश्वास ठरावाने पदावरून गेला. हा विरोध समजायचा तर १९२७ ची डोईपट्टी आणि मासिना रुरू ठाऊक हवेत. म्हणून पुस्तकाचे शेवटचे प्रकरण होनियारापासून सुरू होत नाही. ते मलायताचे मुख्य ठाणे असलेल्या औकीपासून सुरू होते.